नाव कोणत्या रकान्यात आहे?

2023 च्या खरिपात सोयाबीन मी पेरलं. बियाणं, खत, फवारणी, काढणीची मजुरी, सगळं माझं. भाव पडले, म्हणून पुढच्या वर्षी सरकारनं त्या हंगामातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, दिले. आमच्या वावराचे पैसे थोरल्या दिरांच्या खात्यात गेले. ते शहरात नोकरीला. पेरणीला नाहीत की काढणीला नाहीत. पण सासरे वारल्यावर जमीन त्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं लिहून चढली होती. माझे मालक गेले तरी सातबारा तसाच राहिला.

अनुदान राबणाऱ्याला मिळत नाही, खातेदाराला मिळतं. अतिवृष्टीची मदतही अशीच वाटली जाते. पीएम किसानचे वर्षाचे 6000 आणि 2023 पासून राज्याचे ‘नमो’चे आणखी 6000 यांनाही तोच नियम. तिथं 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही, वारसानं आलेली चालते. म्हणून ज्या बायांचे मालक वारलेत, त्यांनी वारस नोंद टाळू नये. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. ए.कु.मॅ. असेल तर तो शेरा काढून सगळ्यांची नावं लावण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. लेकरं लहान असतील तर त्यांची नावं ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असं लिहून आईच्या पालकत्वाखाली लागतात.

फेरफार झाल्यावर सातबारा स्वतः वाचा, नाहीतर शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. कितीतरी विधवांची आणि लेकींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेली असतात. घरचे म्हणतात, लागलं ना नाव! पण तुमचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात हवं. मला याचा अतिशय राग येतो, कारण बाईला वाटतं काम झालं, आणि यादी निघते तेव्हा तिचं नाव त्यात नसतं.

दुसरं, याच काळात कोणी हक्कसोडपत्र पुढे करेल. ‘नुसती सही आहे, पैसे तुलाच देऊ’ असं सांगतील. रजिस्ट्री झालेलं हक्कसोडपत्र म्हणजे जमिनीवर पाणी सोडणं. सही करू नका, वकिलाला दाखवा.

नाव लागलं की फार्मर आयडी काढा. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांना तो लागतो. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, तेही बघा. ई-पीक पाहणी दर हंगामाला करा. जमिनीचं खातं सामाईक असेल तर कापूस-सोयाबीनच्या वेळी इतरांचं ना-हरकत पत्र मागितलं होतं. त्याबद्दल नातं गोड असतानाच बोलून ठेवा.

बटईनं आणि ठोक्यानं करणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे एवढा सोपा रस्ता नाही. पीएम किसान त्यांना नाहीच. पीक विम्यात कुळाला जागा आहे, पण राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागतात, आणि जमीनमालक लिहून द्यायला घाबरतो: कूळ लागेल म्हणून. माझ्या शेजारची बाई दुसऱ्याच्या रानात तूर घेते. तिची नोंद कसणारी म्हणून कुठंतरी व्हावी, हा ठराव मी ग्रामसभेत मांडणार आहे.