शब्दकोशातील अवतरण : कसे लिहावे आणि का

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना बाबासाहेबांचे एकेक वचन लिहून आणावयास सांगितले. फळा भरला, परंतु ‘हे कोणत्या ग्रंथात आहे?’ या प्रश्नावर वर्ग निरुत्तर झाला. बहुतेक वचने घरच्या मोबाइलवरून उतरविलेली होती. दोष मुलांचा नव्हता. अवतरण कसे घ्यावे हे आम्हीच शिकविले नव्हते. म्हणून हा धडा आम्ही शब्दकोशापासून आरंभिला.

शब्दकोश अर्थ सांगतो. अवतरण त्या अर्थाचा पुरावा देते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला व काम १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी असंख्य वाचकांनी डिकन्ससारख्यांच्या कादंबऱ्यांतून वाक्ये टिपून चिठ्ठ्या धाडल्या. मराठीत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) हीच वाट धरली. आज विक्शनरीसारख्या ऑनलाइन कोशात कोणीही नोंद करू शकतो. म्हणूनच नियम पाळण्याची जबाबदारी प्रत्येकावर येते.

सरावासाठी आम्ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातील (१८३७–१९०१) कादंबऱ्या घेतल्या. प्रथम वर्ष, मग लेखक, ग्रंथनाम, प्रकरण. आणि खालच्या ओळीत थोडे आत सरकवून मूळ वाक्य. उदाहरणार्थ : १८५७, बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’, प्रकरण अमुक. वाक्यातील नोंदीचा शब्द ठळक करावा.

यात चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, वर्ष प्रथम प्रसिद्धीचे द्यावे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली, पुस्तक नंतरचे. हाती असलेल्या आवृत्तीचे वर्ष वेगळे नोंदवावे. दुसरी, पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून प्रकरणाचा क्रमांक अवश्य द्यावा. तिसरी, शुद्धलेखन मूळचेच ठेवावे. १९६२ च्या नियमांनंतर आपण ‘लक्षात’ लिहितो. नोंद तशी करावी, पण अवतरणात ‘लक्षांत’वरील अनुस्वार पुसू नये. गाळलेल्या जागी तीन टिंबे द्यावीत. आपला शब्द घातल्यास तो चौकटी कंसात ठेवावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कादंबरीतील पात्राचे बोलणे हे लेखकाचे मत नव्हे. बोलणाऱ्याचे नाव लिहावे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथाच्या १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख छापून त्यांना उत्तर दिले आहे. त्यांतील एखादे वाक्य निष्काळजीपणे उचलले, तर ज्या मताचे खंडन केले तेच मत बाबासाहेबांच्या नावावर जमा होईल! खोटे वचन मुद्दाम रचावेच लागते असे नाही. संदर्भ गाळला तरी पुरे होते.

आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत ज्यांनी अनेक वर्षे कार्य केले, त्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना मूळ पाली ग्रंथांतील संदर्भ शोधून काढले. श्रद्धा होती म्हणून पुराव्याची गरज नाही, असे त्यांनी मानले नाही.

आता आमच्या वर्गात संदर्भाविना वचन फळ्यावर चढत नाही. आष्टीहून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती, की पुढील वचन इतरांना पाठविण्यापूर्वी ग्रंथ, वर्ष आणि प्रकरण विचारावे. उत्तर न मिळाल्यास ते पुढे पाठवू नये.