सदृशीकरणातील प्रचरण कमी करण्याच्या पद्धती

४.१ प्रास्ताविक

रांगेच्या व्यवस्थेचे संगणकावरील सदृशीकरण, म्हणजेच सिम्युलेशन, यादृच्छिक संख्यांवर चालते. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाचे उत्तर थोडे वेगळे येते. या चढउताराचे माप म्हणजे प्रचरण. ते मोठे असेल, तर दोन पर्यायांतील खरा फरक त्यात झाकला जातो. प्रयोग वाढवणे हा सरळ उपाय होय; परंतु प्रमाण त्रुटी प्रयोगसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्रुटी निम्मी करण्यासाठी प्रयोग चौपट करावे लागतात. म्हणून प्रयोगांची मांडणीच अधिक विचारपूर्वक करणे हिताचे ठरते.

४.२ समान यादृच्छिक संख्या

एका रुग्णालयात केसपेपरच्या दोन खिडक्या आहेत असे समजा. दोन स्वतंत्र रांगा ठेवाव्यात, की एकच रांग करून खिडकी मोकळी होईल तसा पुढचा रुग्ण पाठवावा, हे ठरवायचे आहे. एका दिवसाची सरासरी प्रतीक्षा पहिल्या पर्यायात 'क' आणि दुसऱ्यात 'ख' मिनिटे मानू. तेव्हा,

(क – ख) चे प्रचरण = क चे प्रचरण + ख चे प्रचरण – २ × सहप्रचरण

क चे प्रचरण १६ व ख चे ९ धरा. दोन्ही पर्याय वेगवेगळ्या यादृच्छिक संख्यांवर चालवले, तर सहप्रचरण शून्य राहते आणि फरकाचे प्रचरण २५ होते. आता दोन्ही पर्यायांना तोच दिवस द्या : प्रत्येक रुग्ण त्याच वेळी येईल आणि त्याच्या कामाला तेवढाच वेळ लागेल. गर्दीच्या दिवशी दोन्हीकडे प्रतीक्षा वाढेल. सहप्रचरण १० आले, तर फरकाचे प्रचरण केवळ ५ उरते.

याचा परिणाम पाहा. १०० दिवसांच्या प्रयोगात सरासरी फरक ०.८ मिनिट आला असे धरू. पहिल्या रीतीने ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे –०.१८ ते १.७८ येतो, त्यात शून्य असल्याने निर्णय करता येत नाही. दुसऱ्या रीतीने तो सुमारे ०.३६ ते १.२४ येतो. एकच रांग बरी, हे आता आधाराने म्हणता येते. संगणकाचे श्रम मात्र तेवढेच!

मात्र मेळ सांभाळणे आवश्यक आहे. सतराव्या रुग्णासाठीची संख्या दुसऱ्या पर्यायात अठराव्याला गेली, तर लाभ नाहीसा होऊ शकतो. म्हणून आगमनासाठी व सेवावेळेसाठी संख्यांचे स्वतंत्र प्रवाह ठेवावेत.

४.३ प्रतिमुख संख्या

एकाच व्यवस्थेचा अभ्यास असेल, तेव्हा १९५६ मध्ये हॅमर्सली व मॉर्टन यांनी मांडलेली पद्धत उपयोगी पडते. एका प्रयोगात 'य' ही संख्या वापरली, तर जोडीच्या प्रयोगात '१ – य' वापरावी. सरासरी सेवावेळ ३ मिनिटे असलेल्या घातांकी वितरणात सेवावेळ = –३ × य चा नैसर्गिक लॉगॅरिथम. य = ०.१ असता ती सुमारे ६.९ मिनिटे, तर ०.९ असता सुमारे ०.३ मिनिट येते. एका प्रयोगातील दीर्घ वेळ दुसऱ्यातील अल्प वेळेने तोलली जाते. दोन्ही उत्तरांतील सहसंबंध ऋण असेल, तरच प्रचरण घटते. त्रुटी काढताना प्रत्येक जोडीची सरासरी हे एकच निरीक्षण मानावे.

४.४ एक सावधानता

या पद्धतींमुळे उत्तरातील चढउतार कमी होतो. प्रतिमानातील चूक सुधारत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीची गर्दी आगमनाच्या दरात धरलीच नसेल, तर आपल्याला चुकीचे उत्तर अधिक काटेकोरपणे मिळेल. म्हणून प्रत्यक्ष निरीक्षणाशी पडताळणी आधी करावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात सहप्रचरण ८ असते, तर फरकाचे प्रचरण किती आले असते?
२. सहप्रचरण ऋण आल्यास समान यादृच्छिक संख्या वापरणे हितकारक ठरेल का? कारण लिहा.
३. आपल्या परिचयाची एखादी रांग निवडून तेथे कोणत्या दोन पर्यायांची तुलना करता येईल, ते आठ-दहा ओळींत लिहा.