एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. वय ४२. हल्ली तो फार विसरतो. अशा प्रौढांच्या मेंदूतील जनुकांचा अभ्यास कसा होतो?
— एक भगिनी, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत या अवस्थेच्या मुळाशी असते, हे १९५९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले; परंतु जनुक असणे निराळे व त्याचा अंमल होणे निराळे असल्यामुळे, कुटुंबाच्या संमतीने मरणोत्तर मिळालेल्या आणि उणे ८० अंशांवर गोठविलेल्या मेंदूच्या तुकड्यांतील आरएनए मोजून तो अंमल कळतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेत असे तुकडे जपणारी मेंदूपेढी १९९५ पासून आहे. अमायलॉइडचे मूळ प्रथिन घडविणारे एपीपी जनुक याच गुणसूत्रावर असल्याने चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरसारखे अमायलॉइडचे थर साचतात. तथापि थर साचले म्हणजे स्मृतिभ्रंश जडलाच, असे कृपया मानू नका. थायरॉइडची न्यूनता, बहिरेपणा, झोपेतील श्वासरोध, जवळच्या माणसाचा वियोग यांनीही विस्मरण होते, आणि त्यांवर इलाज आहे. म्हणून आधी घाटी रुग्णालयात दाखवून थायरॉइडची तपासणी करवून घ्या, आणि सदऱ्याची बटणे लावणे, चहाचा कप विसळून ठेवणे यांपैकी आज त्याला काय जमते, याची तारीखवार नोंद ठेवा. डॉक्टरांना निदानासाठी तीच नोंद सर्वाधिक उपयोगी पडेल.