रान, डोंगर आणि पुराचे पाणी

झाडे असली की पूर येत नाहीत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शब्बाथ शाळेत सृष्टीवरील धडा घेताना आपले शिक्षकही मुलांना बहुधा हेच सांगतात. हे वाक्य खोटे नाही, पण पुरे खरेही नाही. जितके खरे आहे तितके नीट समजून घ्यावे म्हणून ह्या अभ्यासासाठी आम्ही गढवालमधील अलकनंदा नदीचे खोरे निवडले आहे.

१९७० सालच्या जुलै महिन्याच्या २० तारखेला ह्या खोऱ्याच्या वरच्या भागात अतिशय जोराचा पाऊस झाला. नदी फुगली, पूल तुटले, बेलाकुची हे गाव वाहून गेले. तेथे रस्त्यावर अडकलेल्या प्रवासी बसगाड्याही पाण्याने ओढून नेल्या. बिरही नदीवरचा गोहना तलाव त्याच पुरात नाहीसा झाला. हरिद्वारपाशी निघणाऱ्या गंगेच्या कालव्यात तर इतका गाळ शिरला की, शेकडो मैल खालच्या सपाट मुलखातील शेतीलाही त्याची झळ पोहोचली.

पूरग्रस्तांच्या मदतीसाठी दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. चंडीप्रसाद भट्ट हे त्यांच्यापैकीच एक. ज्या उतारांवरचे रान ठेकेदारांनी तोडले होते, तेथे दरडी अधिक कोसळल्या आहेत, ही गोष्ट त्यांनी पाहिली. गावच्या स्त्रियांना ती आधीच ठाऊक होती. लाकूड, चारा, पाणी ह्यांसाठी रोज डोंगर चढणारे माणूस अशा गोष्टी सरकारी अहवालाच्या आधी ओळखते. १९७३ साली मंडल गावी आणि १९७४ सालच्या मार्च महिन्याच्या २६ तारखेला रैणी गावी ठेकेदाराच्या माणसांना लोकांनी अडविले. रैणीत त्या दिवशी पुरुष मंडळी नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीस गेली होती. तेव्हा गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या बायका व मुली, मिळून सत्तावीस जणी, झाडांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. रानाला त्या आपले माहेर म्हणत. पुढे सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या अहवालानंतर अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे वृक्षतोड बंद झाली.

आता रान नेमके काय करते ते पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी येते. उघड्या उतारावर हे पाणी थेंबाथेंबाने माती ठोकते, मातीचे बारीक कण सुटून भोके बुजतात, वर एक पापुद्रा धरतो, आणि मग पाणी आत न जाता धावू लागते. रानात तसे होत नाही. काही पाणी पानांवरच अडते आणि तेथूनच वाळून जाते. बाकीचे खालच्या पालापाचोळ्यावर पडते, त्यामुळे त्याचा मार मातीला बसत नाही. त्याखाली गांडुळे, किडे, मेलेली मुळे ह्यांनी केलेल्या असंख्य वाटा असतात. त्यांतून पाणी आत मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर येते. गढवालचे लोक सांगतात की, झरा बांजाच्या झाडाखाली शोधावा, चिडाखाली नव्हे. म्हणजे झाड कोणते आणि त्याखालची जमीन कशी, हाही प्रश्न आहेच. जून महिन्यात खड्डे खणून रोपे लावली आणि त्यांच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढले म्हणजे रान झाले असे नाही. अशी जमीन तयार व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि ती गुरांच्या खुरांनी फार लवकर घट्ट होते.

दुसरी गोष्ट अशी की, झाडे पाणी पितातही. मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत जाते. पृथ्वीवर जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा निम्म्याहून अधिक भाग असाच वाफ होऊन परत वर जातो, आणि त्यात वनस्पतींचा वाटा मोठा आहे. म्हणून रानाच्या खोऱ्यातून वर्षभरात नदीला मिळणारे एकूण पाणी उघड्या खोऱ्यापेक्षा पुष्कळदा कमीच भरते. पण ती वाफ वाया जात नाही. आपल्या सह्याद्रीच्या रानांतून उठणारी वाफ तमिळनाडूच्या मोसमी पावसाला हातभार लावते, विशेषतः तुटीच्या वर्षी, असे मुंबईच्या आय.आय.टी.मधील संशोधकांनी २०१८ साली दाखविले.

मग रान पूर थांबविते काय? लहान आणि मध्यम पूर, लहान खोऱ्यात, ते निश्चित कमी करते. परंतु आठवडाभर पाऊस पडून जमीन आधीच पाण्याने तुडुंब झालेली असेल, तर त्यावर आलेल्या ढगफुटीचे पाणी रानातूनही धावतच येते. नेपाळ-गढवालातील वृक्षतोडीमुळे बांगलादेशात महापूर येतात, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. जॅक आइव्ज आणि ब्रूनो मेसर्ली ह्यांनी १९८९ साली त्या समजुतीची कसून तपासणी केली आणि तिला पुरेसा आधार सापडत नाही असे दाखविले. रैणीच्या बायकांचे म्हणणे तर ह्याहून पुष्कळ साधे होते. रान गेले तर वरची माती आमच्या घरांवर व शेतांवर येईल, इतकेच त्या सांगत होत्या. आणि त्यात काहीच चूक नव्हते, कारण उतारावरच्या वरवरच्या मातीला मुळे खरोखरच धरून ठेवतात.

खोल कडाच सुटला, तर मात्र मुळांचे काही चालत नाही. गोहना तलाव मुळात १८९३ साली अशाच एका प्रचंड दरडीने बिरही नदी अडून झाला होता. १८९४ च्या ऑगस्टमध्ये तो काही अंशी फुटला आणि गढवालचे श्रीनगर शहर उद्ध्वस्त झाले. तरी माणसे मेली ती फक्त पाच, कारण तलावावर पहारा ठेवला होता आणि तारेने खाली आधीच वर्दी दिली होती. उलट २०२१ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ७ तारखेला रोंटी शिखराखालचा खडक व बर्फ तुटून खाली आला, तेव्हा पावसाचा थेंबही पडत नव्हता. रैणीजवळचा वीजप्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले, आणि दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. तेथे कोणतेही रान उपयोगी पडले नसते. वेळेवर मिळालेली वर्दी मात्र उपयोगी पडली असती, आणि नदीच्या अगदी तोंडाशी एवढे बांधकाम नसते तर इतकी माणसे तेथे नसती.

शिक्षकांनी हा धडा घेताना डालड्याच्या डब्याचे किंवा जुन्या पत्र्याचे दोन ट्रे घ्यावेत. एकात उकरलेली उघडी माती भरावी, दुसऱ्यात गवतासकट कापलेला मातीचा थर पालापाचोळा पसरून ठेवावा. दोन्ही सारखेच तिरके करून खाली पेले मांडावेत आणि झारीने सारखेच पाणी घालावे. पाणी कोणत्या पेल्यात आधी आले, किती आले आणि कसे आले, हे मुलांना स्वतःच लिहू द्यावे. त्यानंतर दोन्हींवर थेट बादली ओतावी. ह्या वेळी दोन्ही पेले भरून वाहतील. काही मुले म्हणतील की मग फरक काय पडला. त्यांना दोन्ही पेले थोडा वेळ तसेच ठेवायला सांगावे आणि तळाशी किती माती बसते ते पट्टीने मोजायला लावावे.