दुकानातला कम्प्युटर थंड आणि शांत कसा ठेवायचा? आधी ब्रश, मग पेस्ट, शेवटी पाकीट!



मे-जूनचे दिवस म्हणजे ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, डीटीपीवाल्यांचा सीझन. दहावी-बारावीचे निकाल, प्रवेशाचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सगळं एकदमच येतं. नेमकं त्याच दिवसांत बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि काउंटरखालचा कम्प्युटर गिरणीसारखा घरघरायला लागतो. आधी आवाज वाढतो, मग मशीन स्लो होतं, मग भर गर्दीत आपोआप बंद पडतं. समोर सहा गिऱ्हाइकं उभी असतात आणि सातवं शेजारच्या दुकानात गेलेलं असतं.

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॅबिनेट उघडून सगळं दाखवलंय. तेच इथे क्रमाने लिहून देतोय, म्हणजे काम करताना मोबाइल समोर ठेवून एकेक पायरी करता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. आवाज हा आजार नाही, लक्षण आहे. प्रोसेसर तापतो म्हणून फॅन पळतो. त्यामुळे "आवाज येतो, फॅनच काढून टाक" हा उपाय नाही आणि "तापतो, नवीन कम्प्युटर घे" हासुद्धा उपाय नाही. उष्णता कुठे अडकली आहे ते शोधा. ती वाट मोकळी झाली की आवाज आपोआप खाली येतो.

१. उष्णता जाते कुठून?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी सगळी उष्णता बनून बाहेर पडते. ६५ वॉटचा प्रोसेसर म्हणजे आपल्या जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, आणि तीही नाण्याएवढ्या जागेतून. तिचा प्रवास असा: प्रोसेसर, त्यावरची थर्मल पेस्ट, ॲल्युमिनियमचा हीटसिंक, फॅनची हवा, कॅबिनेटमधली हवा आणि शेवटी खोली. या साखळीत एक कडी तुंबली की फॅनला जास्त पळावं लागतं.

आता साधा हिशोब बघा. समजा डिसेंबरमध्ये खोलीत २५ अंश आहेत आणि कामाच्या वेळी प्रोसेसर ६० अंशांवर आहे. म्हणजे खोलीपेक्षा ३५ अंश जास्त. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तोच प्रोसेसर साधारण ७५ वर जाणार. फॅन फक्त खोलीतली हवा फिरवतो, तो एसी नाही. त्यात वर्षभराची धूळ साचून अजून १५-२० अंश वाढले की झाले ९० च्या पुढे. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिलं तर मशीन बंद होतं.

"हिवाळ्यात तर नीट चालत होता!" असं आपण म्हणतो त्याचं कारण हेच. धूळ तेव्हाही होतीच, फक्त थंडीने झाकून ठेवली होती.

२. हात लावायच्या आधी मोजा

मोजल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे वजनकाट्याशिवाय केलेला किराणा. एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प यापैकी एक मोफत सॉफ्टवेअर त्यांच्याच अधिकृत साइटवरून घ्या आणि वहीत तीन आकडे लिहा:

- दुकान उघडून १० मिनिटं झाल्यावर, काही काम चालू नसतानाचं तापमान
- गर्दीच्या वेळचं सर्वात जास्त तापमान
- त्या वेळी खोलीचं तापमान

ढोबळ अंदाज असा: रिकामा असताना ३५ ते ५० असेल तर ठीक. कामात ८० पर्यंत गेला तर घाबरू नका. साध्या बिलिंगच्या कामातही रोज ९० च्या घरात जात असेल तर पुढच्या पायऱ्या आजच करा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीही चालू नसताना सीपीयू ५०-६० टक्के दाखवतोय? मग गडबड धुळीची नाही. अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोजचा अपडेट, ब्राउझरचे तीस टॅब किंवा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला व्हायरस तुमची वीज खातोय. तो प्रोग्राम आधी बंद करा, व्हायरस असेल तर साफ करा. नाहीतर कितीही धूळ झाडा, फॅन पळतच राहणार.

आवाज कुठला आहे तेही ओळखा. कागदाची नळी करून कानाला लावा आणि कॅबिनेटच्या बाहेरून फिरवा.

- सतत घोंघावणं: फॅन जोरात पळतोय, म्हणजे उष्णता.
- टरटर किंवा खरखर: वायर पात्याला घासतेय किंवा फॅनचं बेअरिंग गेलंय.
- मंद गुंजन, टेबलालाही कंप: हार्ड डिस्क किंवा सैल स्क्रू.
- हार्ड डिस्कमधून कट-कट: बाकी सगळं सोडा, आधी डेटाचा बॅकअप घ्या. गिऱ्हाइकांची उधारी आणि वर्षाची बिलं त्यातच आहेत.

आणि हो, कधीकधी आवाज कम्प्युटरचा नसतोच, शेजारच्या यूपीएसचा असतो.

३. फुकटचा उपाय: जागा बदला

आपल्या दुकानांत सगळ्यात जास्त त्रास जागेचाच आहे. कॅबिनेट काउंटरच्या बंद कप्प्यात, मागे भिंत, पुढे बिलबुकांचा गठ्ठा. आत गेलेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि फॅन तीच पुन्हा ओढतो.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यांचा कम्प्युटर रोज दुपारी अडकायचा. नवीन घ्यायची तयारी झाली होती. आम्ही फक्त कप्प्याचं दार काढलं आणि सुताराकडून मागच्या प्लायला मोठं भोक पाडून घेतलं. त्यांचा तोच कम्प्युटर अजून चालतोय.

तुम्ही हे करा:

- मागच्या बाजूला भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर जागा सोडा.
- थेट फरशीवर ठेवू नका. झाडूची धूळ पहिली तिथेच जाते. लाकडी पाटावर किंवा स्टँडवर ठेवा.
- उन्हाची तिरीप, झेरॉक्स मशीनची गरम हवा आणि देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा धूर यांपासून लांब ठेवा. धुराचा चिकट थर धुळीला धरून ठेवतो.
- पिठाची गिरणी, फर्निचर, टेलरिंग, सलून असा व्यवसाय असेल तर सफाई दुप्पट वेळा करा. पीठ, भुसा, कापडाचे तंतू आणि केस हीटसिंकमध्ये गोधडीसारखे बसतात.

आणखी एक फुकटचं सेटिंग आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यातलं ॲडव्हान्स्ड सेटिंग, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. तिथे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार? बऱ्याच कम्प्युटरमध्ये यामुळे प्रोसेसरचा टर्बो मोड बंद होतो, उष्णता पटकन खाली येते. बिलिंग, टायपिंग, फॉर्म भरण्यात फरक जाणवणार नाही. फोटो किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर वेग कमी झालेला जाणवेल, तेव्हा तुमचं काम बघून ठरवा.

४. ब्रशचा उपाय: सफाई

वॉरंटी चालू असेल आणि कॅबिनेटवर सील असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. नसेल तर:

१. मशीन बंद करा, प्लग काढा. मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल.
२. कॅबिनेट दुकानाबाहेर न्या. आत साफ केलंत तर धूळ मालावर बसेल.
३. साइडचं पॅनेल काढा आणि आधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.
४. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सैल करा, मग ब्लोअर मारा. एक वीतभर अंतर ठेवा.
५. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर ते मर्यादेपेक्षा जोरात फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.
६. हीटसिंकच्या पट्ट्यांमधली धूळ नीट काढा. फॅनच्या खाली दडलेला थर वरून दिसत नाही.
७. पॉवर सप्लायच्या जाळीवर बाहेरूनच हवा मारा. तो डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज शिल्लक असू शकते.
८. वायरी एका बाजूला बांधा. हवेच्या वाटेत आणि पात्याजवळ काही नको.

ओलं फडकं अजिबात नको. आता पुन्हा चालू करा आणि तेच तीन आकडे वहीत लिहा. बऱ्याच दुकानांचं काम इथेच संपतं.

५. स्क्रू-ड्रायव्हरचा उपाय: थर्मल पेस्ट

सफाईनंतरही आकडा हलला नाही आणि मशीन चार-पाच वर्षं जुनं असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली असेल. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवीन पेस्ट मधोमध, वाटाण्याएवढी. जास्त लावली म्हणजे जास्त थंड, असं नाही. पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्याचं आहे.

इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. बसवताना समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा आणि चारही 'टक्' झाल्या का बघा. एक पिन सैल राहिली तर पेस्ट बदलूनही तापमान वाढेल. एएमडीचा जुना एएम-फोर प्रोसेसर असेल तर कूलर सरळ वर खेचू नका, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. आधी मशीन थोडं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. हात धजावत नसेल तर हे काम तंत्रज्ञाला द्या, पण समोर उभं राहून करून घ्या.

६. पाकिटाचा उपाय: फॅन आणि एसएसडी

पैसे काढायच्या आधी बायोसमध्ये जा. चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून जाता येतं. तिथे फॅन कंट्रोलचं सेटिंग असतं. फॅन कायम फुल स्पीडवर असेल तर तापमानाप्रमाणे वेग बदलणारं सेटिंग निवडा. फॅनचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला निम्म्याहूनही कमी. पण हे सफाईनंतरच करा. तुंबलेल्या मशीनचा फॅन हळू केला तर शांतता मिळेल आणि प्रोसेसर तापेल.

नवीन फॅन घ्यायचाच तर कॅबिनेटमध्ये बसेल तेवढा मोठा घ्या. १२० मिलिमीटरचा फॅन हळू फिरूनही ८० मिलिमीटरच्या फॅनएवढी हवा देतो, म्हणून आवाज कमी. बोर्डावर चार पिनांची जागा असेल तर चार पिनांचाच घ्या, वेग नीट सांभाळता येतो. हवा पुढून आत, मागून बाहेर. दोन्ही फॅन आत ढकलणारे बसवले तर गरम हवा बाहेर पडायला धडपडते.

जुनी हार्ड डिस्क गुंजत असेल तर एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारा भागच नाही, म्हणून आवाज शून्य, आणि मशीनही झटपट उघडतं.

कॅबिनेट उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावणं हा अडल्या वेळेचा उपाय आहे. तापमान उतरेल, पण रस्त्याची धूळही थेट आत जाईल.

७. धंद्याचं गणित

समजा तुमच्या काउंटरवर तासाला ३०० रुपये नफा सुटतो. सीझनमध्ये मशीन चार तास बंद म्हणजे १,२०० रुपये गेले. त्यात तंत्रज्ञाची फी वेगळी, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येईल याची खात्री नाही. त्यासमोर ब्रश, पेस्टची ट्यूब आणि एखादा फॅन हा खर्च काही शे रुपयांचा, तोही कधीतरीच. तुमच्या दुकानाचा आकडा टाकून हाच हिशोब करा.

वेळापत्रक सोपं ठेवा: एक सफाई गुढीपाडव्याआधी, उन्हाळा तापायच्या आत. दुसरी दसऱ्याआधी. दसऱ्याला आपण कम्प्युटरची पूजा करतोच, मग तो स्वच्छ करूनच करू. फक्त हार-फुलं आणि हळद-कुंकू हवेच्या जाळीवर नको.

ज्यांना यातून सेवा सुरू करायची आहे, त्यांनी आधी स्वतःचं आणि घरातलं मिळून तीन मशीनवर हात बसवा. मग शेजारच्या दुकानदारांकडे जा. काम सुरू करण्याआधी बॅकअप आहे का ते विचारा, वॉरंटीचं मशीन उघडू नका आणि शेवटी एक कार्ड द्या: सफाईआधीचं तापमान, सफाईनंतरचं तापमान, पुढची तारीख. "साफ केलं" हे कुणीही सांगतो. आकडा दाखवणाऱ्याला गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही बोलावतं.

आजचा गृहपाठ: उद्या दुकान उघडलं की तीन आकडे वहीत लिहा आणि कॅबिनेटच्या मागे किती जागा आहे ते मोजून बघा. रविवारी ब्रश हातात घ्या. आणि सोमवारी पुन्हा तेच तीन आकडे.

भेटू पुढच्या धड्यात!