गोवर ओसरल्यानंतर : घरची शुश्रूषा आणि गावाची जबाबदारी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात, सप्तशृंगगडाच्या परिसरात व गिरणेच्या वरच्या खोऱ्यात कळवण तालुका पसरलेला आहे. तालुक्यात आदिवासी लोकवस्ती मोठी असून कोकणा, भिल्ल, महादेव कोळी या जमातींची कुटुंबे डोंगरउतारावरील पाड्यांतून राहतात. खरिपाची कामे उरकली की यांपैकी अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात. हिवाळ्याची अखेर आणि उन्हाळ्याचा प्रारंभ हा द्राक्षतोडणीचा काळ. आणि गोवराच्या साथी प्रामुख्याने डोके वर काढतात तोही हाच काळ होय.

अशा दिवसांत एखाद्या घरी मुलाला गोवर येतो. चार-पाच दिवस आई-वडील जीव मुठीत धरून बसतात. पुरळ फिकट होऊ लागते, ताप उतरतो आणि ‘आता बरे झाले’ असे समजून सारे कुटुंब मुलासह कामावर निघते. पुष्कळदा खरा घात होतो तो यानंतरच. गोवराने दगावणाऱ्या बालकांपैकी बहुतेक जण पुरळाने दगावत नाहीत, तर पुरळासोबत वा त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने, अतिसाराने आणि कुपोषणाने दगावतात. म्हणून गोवराची शुश्रूषा पुरळ मावळल्यावर संपत नाही, तर तेथून तिचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग सुरू होतो. ग्रामीण भागातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

रोगाची ओळख

गोवर हा विषाणूजन्य रोग आहे. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून बाहेर पडलेले विषाणू बंद खोलीतील हवेत सुमारे दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतात. संरक्षण नसलेल्या समाजात एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते, असा अंदाज आहे. लागण झाल्यापासून साधारणतः दोन आठवड्यांनी अंगावर पुरळ दिसते. मात्र पुरळ उमटण्यापूर्वीचे चार दिवस आणि उमटल्यानंतरचे चार दिवस रुग्णापासून इतरांना रोग जडतो. म्हणजेच आजार ओळखू येण्याच्या आधीच तो शेजारच्या घरात पोहोचलेला असतो.

प्रारंभी भरपूर ताप, कोरडा खोकला, वाहणारे नाक व लाल, पाणावलेले डोळे ही लक्षणे दिसतात. गालाच्या आतील बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके आढळतात. तीन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर लालसर पुरळ उमटते आणि ते क्रमाने छाती, पोट व हातापायांवर उतरते. पाच-सहा दिवसांनी ते त्याच क्रमाने मावळते आणि त्वचेवर काही दिवस काळपट डाग राहतात.

एकदा गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव शास्त्राच्या कसोटीला उतरला आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. तेथील सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. परंतु १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, ते वृद्ध या साथीतून सुटले, असे पीटर पानुम या तरुण डॅनिश वैद्याने नोंदवून ठेवले. पासष्ट वर्षांनंतरही शरीराने त्या रोगाची आठवण जपली होती.

याच विषाणूची दुसरी बाजू अलीकडे उजेडात आली आहे. गोवर स्वतःची आठवण शरीरात ठेवतो, पण इतर रोगांची आठवण पुसतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासणी केली असता, इतर रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ‘गोवर येऊन गेल्यापासून पोर सारखे आजारी पडते’ ही मातांची तक्रार अनाठायी नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

घरातील शुश्रूषा

गोवराचा विषाणू मारणारे औषध नित्याच्या वापरात उपलब्ध नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. न्यूमोनिया, कानाचा संसर्ग असे उपद्रव झाल्यासच डॉक्टर ती देतात. त्यामुळे गुंतागुंत नसलेल्या रुग्णाची मुख्य शुश्रूषा घरीच व्हावयाची असते. मात्र घरी शुश्रूषा म्हणजे आजार लपविणे नव्हे. पुरळ दिसताच आशा कार्यकर्तीला अथवा आरोग्यसेविकेला कळवावे आणि मुलाची एकदा तपासणी करून घ्यावी.

या पहिल्या तपासणीतच ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा मिळते. गोवर झालेल्या बालकास लागोपाठच्या दोन दिवशी एकेक मात्रा देतात : सहा महिन्यांखालील बालकास ५०,०००, सहा ते अकरा महिन्यांच्या बालकास एक लाख आणि त्याहून मोठ्या मुलास दोन लाख एकके. डोळ्यांवर परिणाम दिसत असल्यास काही आठवड्यांनी तिसरी मात्रा देतात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे गोवराने रुग्णालयात दाखल झालेल्या १८९ मुलांवर केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात दगावलेल्या बारा मुलांपैकी दहा मुले हे जीवनसत्त्व न मिळालेल्या गटातील होती. एवढे साधे व स्वस्त औषध इतके गुणकारी ठरावे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि या जीवनसत्त्वाचा अतिरेक अपायकारक असल्याने मात्रा आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातूनच घ्यावी.

आपल्याकडे गोवराभोवती अनेक रूढी आहेत. दाराला कडुनिंबाचा पाला लावतात, घरात फोडणी देत नाहीत, बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नाहीत. यांपैकी बाहेरच्यांना दूर ठेवण्याची रीत रोगप्रसार रोखण्यास साहाय्यभूतच आहे. ती मोडावयास सांगू नये. फोडणीचा धूर व चुलीचा धूर खोकणाऱ्या मुलास त्रासदायक असतो, म्हणून रुग्ण असलेल्या खोलीबाहेर स्वयंपाक करणे हितावह ठरते. परंतु ‘पोटात गेले तर गोवर बाहेर पडणार नाही’ अशा समजुतीने मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, दारे-खिडक्या बंद करून जाड पांघरुणात गुंडाळणे या गोष्टी घातक आहेत. रूढीतील हिताचा भाग राखून अहिताचा भाग समजावून सोडवावा. थट्टा केल्यास माणसे दुरावतात आणि आजार दडवला जातो.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध मुळीच बंद करू नये. मोठ्या मुलास थोडे थोडे, पण वारंवार खावयास द्यावे. कळवणच्या पाड्यांवर नागली पिकते. नागलीची पातळ पेज, मऊ भात व डाळीचे वरण, थोडेसे तेल वा तूप, मिळाल्यास अंडे, पिकलेली पपई, लाल भोपळा, शेवग्याचा शिजवलेला पाला हे पदार्थ घरचेच आहेत. तोंडात चट्टे पडल्यास तिखट व गरम टाळावे आणि मिठाच्या कोमट पाण्याने तोंड स्वच्छ करावे.

जुलाब होत असल्यास जलसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ते पाणी चमच्या-चमच्याने पाजावे; उरलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य प्राण वाचविले. ते पाणी पाजणारे बहुतेक हात रुग्णांच्या नातलगांचेच होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. जुलाबात जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण कराव्यात.

डोळ्यांची निगा विशेष महत्त्वाची आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड भिजवून प्रत्येक डोळा वेगळ्या तुकड्याने पुसावा. डोळ्यांत पाल्याचा रस, दूध वा कोणतीही घरगुती वस्तू घालू नये. दुकानातून आणलेले थेंबही डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरू नयेत. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी बुबुळ मऊ होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते.

दवाखाना केव्हा गाठावा

घरच्या शुश्रूषेचे यश घरी थांबण्यात नसून वेळेवर निघण्यात आहे. मूल काही पीत नसेल, प्यालेले सर्व ओकत असेल, त्याला झटके आले असतील अथवा ते सुस्त पडून असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये. बुबुळावर धुरकटपणा, तोंडात खोल जखमा, शौचात रक्त, श्वास घेताना घरघर, डोळे खोल जाणे हीदेखील धोक्याची चिन्हे होत.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी यंत्राची आवश्यकता नाही. मूल शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात साठ वा अधिक, दोन ते अकरा महिन्यांच्या बाळात पन्नास वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस वा अधिक श्वास भरल्यास तो वेग धोक्याचा समजावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर आजार गंभीर आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसून आले. अल्पशिक्षित माणूसही मिनिटभर नीट लक्ष देऊन प्राण वाचवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पाड्यावरून कळवणच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता रात्रीच्या वेळी लांब वाटतो. म्हणून रुग्ण घरी असतानाच वाहन कोणाचे मिळेल, सोबत कोण जाईल, धाकटी भावंडे कोणाकडे राहतील हे ठरवून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी पाड्यावर नेमका कोठे संपर्क मिळतो, हेही माहीत असावे.

बरे होण्याचा काळ

पुरळ मावळल्यानंतर मुलाची भूक परतते. या काळात रोजच्या जेवणांखेरीज आणखी एक जेवण द्यावे आणि आजारापूर्वीचे वजन भरून येईपर्यंत ते चालू ठेवावे. अंगणवाडीत वजन व दंडाचा घेर मोजून घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषण होय व त्यावर तातडीने उपचार हवेत. खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला आणि वजन वाढेना, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. गोवरानंतर दबलेला क्षय उफाळू शकतो. संध्याकाळी मूल अडखळू लागले, तर रातांधळेपणाची शंका घ्यावी.

या मुलास लगेच मजुरीच्या ठिकाणी, उघड्यावरील पालात नेणे टाळता आले तर उत्तम. न्यावेच लागले, तर लसीकरणाचे कार्ड व औषधोपचाराचा कागद सोबत असावा आणि तेथील आशा कार्यकर्तीस मुलाच्या आजाराची कल्पना द्यावी.

शाळा आणि ग्रामपंचायत

शिक्षकांनी पुरळ उमटल्यापासून किमान चार दिवस मुलाला शाळेत येऊ देऊ नये. आश्रमशाळांत मुले एकाच दालनात झोपतात, म्हणून पहिला रुग्ण दिसताच त्याची वेगळी व्यवस्था करून आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळविणे अगत्याचे आहे. संपर्कातील पात्र मुलांना ७२ तासांच्या आत लस मिळाल्यास रोग टळण्याची वा सौम्य होण्याची शक्यता असते. परतलेले मूल वरवर धडधाकट दिसले तरी काही आठवडे अशक्त असते. त्याला खेळाची सक्ती करू नये आणि माध्यान्ह भोजन ते पोटभर जेवते की नाही, यावर लक्ष ठेवावे.

शेवटी, या साऱ्या कष्टांपासून सुटका करणारा उपाय लसीचाच आहे. १९८५ पासून देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराच्या लसीचा समावेश आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची व्यापक मोहीम सुरू झाली. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मोफत दिली जाते. साथ रोखण्यासाठी किमान ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळावयास हव्यात. लसीकरणात खंड पडला की काय होते, हे २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथील साथीने दाखवून दिले. कळवणच्या खोऱ्यातून वाहणारी गिरणाच पुढे मालेगावला जाते; माणसांचे व बाजाराचे येणेजाणेही त्याच वाटांनी चालते.

ग्रामपंचायतीने आशा व अंगणवाडी सेविकांच्या साहाय्याने दोन याद्या ठेवाव्यात. एक, दुसरी मात्रा राहून गेलेल्या मुलांची. आणि दुसरी, हंगामात बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची. दोन्ही याद्यांत जी नावे आढळतील, त्या मुलांना कुटुंब गाव सोडण्यापूर्वी लस मिळेल असे पाहावे. आणि ज्या घरी गोवर येऊन गेला असेल, त्या घरी पुरळ मावळल्यानंतरही दर आठवड्याला कोणी तरी जाऊन मूल काय खाते, कसे श्वास घेते आणि त्याचे वजन किती भरले, एवढे विचारावे. मुलाचे वजन पूर्ववत झाले की मगच त्या घरातील गोवर गेला, असे गावाने समजावे.