ताप उतरल्यानंतरचे आजारपण

ताप उतरला म्हणजे रोग गेला, असा सर्वसाधारण समज आहे. विषाणूजन्य रोगांच्या बाबतीत तो नेहमीच खरा ठरत नाही. नागपूर परिसराला याचा अनुभव जुना आहे. १९६५ साली नागपुरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. चिकुनगुन्याचा ताप साधारणतः आठवडाभरात जातो. काही रुग्णांचे सांधे मात्र महिनोन् महिने धरलेले राहतात. या दुखण्यावर सहसा कोणी अविश्वास दाखवीत नाही, कारण सुजलेला सांधा डोळ्यांना दिसतो. २०२० व २०२१ मधील कोविडच्या लाटांनंतर अनेकांच्या मागे लागलेली दुखणी दिसत नाहीत. खरी अडचण येथेच आहे.

कन्हान नदीकाठची कामठी १८२१ साली लष्करी छावणी म्हणून वसली. हातमाग, विड्या वळणे आणि रोजंदारी यांवर येथील अनेक कुटुंबांची गुजराण होत आली आहे. विड्यांची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. वळणाऱ्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या अथवा विणकराचे लक्ष धाग्यावर ठरेनासे झाले, तर त्याची झळ थेट चुलीला लागते. आणि तपासणीत काही निघाले नाही की अंगचोरपणाचा ठपका येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे तीत येतात. विस्मरण, भोवळ, झोपमोड, हातापायांची बधिरता ही मज्जासंस्थेची लक्षणे होत. त्यांच्या जोडीला मळमळ, पोटफुगी, जुलाब किंवा मलावरोध आढळतो. हा योगायोग नव्हे. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असून ते मेंदूशी सतत जोडलेले असते. शिवाय कोविडचा विषाणू ज्या ग्राहकांच्या द्वारे पेशीत शिरतो, ते आतड्याच्या अस्तरातही विपुल आहेत. विषाणूचे अवशेष, बिघडलेली प्रतिकारयंत्रणा, आतड्यातील जिवाणूंचा ढळलेला समतोल अशी कारणे मांडली जातात. एकाच कारणावर अद्याप एकमत नाही.

तथापि प्रत्येक तक्रार कोविडच्या माथी मारणे घातक ठरेल. मुंग्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा मधुमेहानेही येतात; थकवा रक्तक्षयाचा, थायरॉईडचा वा क्षयाचा असू शकतो. शौचावाटे रक्त जाणे आणि वजन घटणे यांची तपासणी लांबणीवर टाकू नये. जुलाबानंतर पायांतील शक्ती जाऊन अशक्तपणा वर चढू लागल्यास रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात पसरलेल्या गुइलेन-बारे विकारात अनेकांची सुरुवात जुलाबानेच झाली होती. तेथे प्रामुख्याने एक जिवाणू आढळला.

एक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही सहज होते. रुग्णास काही वेळ आडवे निजवून नाडी व रक्तदाब मोजावा, नंतर उभे करून दहा मिनिटे मोजत राहावे. रक्तदाब न उतरता प्रौढाची नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर स्वायत्त मज्जासंस्थेच्या बिघाडाचा संशय घेता येतो. उभे राहताच डोके हलके होणे हा मनाचा खेळ नव्हे, हे अशा वेळी आकड्यांनीच कळते.

‘जरा चालाफिरायला लागा, बरे वाटेल’ हा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो, पण काहींना तो बाधतो. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी त्यांची लक्षणे उसळतात व ते पुन्हा अंथरूण धरतात. त्यांनी काम तुकड्यांत विभागून, थकण्यापूर्वी विसावा घ्यावा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडोत्तर उपचारांसाठी २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पचनसंस्था व मज्जासंस्था यांचा स्वतंत्र विचार आहे; डॉक्टरांकडे त्यांचा आवर्जून उल्लेख करावा.

कार्यालयप्रमुखाला अशा कर्मचाऱ्यास दिवसभर उभे राहण्याच्या कामातून मोकळीक देता येते. सार्वजनिक कामावर खोदाईऐवजी मजुरांना पाणी पाजण्याचे किंवा मुले सांभाळण्याचे काम सोपविण्याबाबत पंचायत सदस्यांना शब्द टाकता येतो. शिक्षकांचे काम अधिक नाजूक आहे, कारण मुलाला आपले दुखणे शब्दांत मांडता येत नाही. पूर्वी हुशार असलेला विद्यार्थी आजारानंतर वाचलेले विसरू लागला, कवायतीच्या दुसऱ्या दिवशी हटकून गैरहजर राहू लागला, तर शिक्षा करण्यापूर्वी त्या तारखा हजेरीपटावरून काढून पालकांच्या हाती द्याव्यात. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.